बेळगावच्या कोर्टात आठ वर्षं झाली, आता बाहेर एलएलएम (कायद्यातली मास्टर्स) करावं म्हणतोय. कुणी गेलंय का?

काळाकोट | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावच्या दिवाणी कोर्टात वकिली करतो. वय ३४. वाटणीचे दावे, वहिवाटीची भांडणं आणि गेली तीन-चार वर्षं रस्त्यांच्या भूसंपादनाची कामं. महिन्यातून दोन-तीन खेपा धारवाड खंडपीठाला. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बीए, मग तीन वर्षांचा एलएलबी. गुण ६१ टक्के. वकिलीची सनद कर्नाटकची, अखिल भारतीय बारची परीक्षा पास.

मागच्या महिन्यात बेंगळुरूच्या एका कन्सल्टंटनं फोनवर सांगितलं की अमेरिकेत एलएलएम केलं की तिथं वकिली करता येते, फक्त आधी एलएसएटी ही प्रवेशपरीक्षा द्या, त्याचा क्लास आमच्याकडंच आहे. क्लासची फी ऐकून फोन ठेवला. पण विचार काही डोक्यातून जाईना.

प्रश्न असे: एलएसएटी खरंच लागते का? ६१ टक्क्यांवर कोण उभं करेल? परत येऊन बेळगावातच वकिली करायची असेल तर या पदवीचं करायचं काय? आणि पैसे. घरी बायकोची शाळेतली नोकरी आहे, वडिलांची खानापूर तालुक्यात पाच एकर शेती. एवढ्यावर जमतं का?

---

निपाणीकर | १२ जून, ११:५८

म्हणजे बॅरिस्टर होऊन येणार म्हणा की वकीलसाहेब! आपल्या शहापुरात नाथ पै सर्कलला तुमच्या पुतळ्यासाठी जागा बघून ठेवतो.

---

काळाकोट | १३ जून, सकाळी ७:१५

@निपाणीकर, आमच्या आज्जीचा पण हाच प्रश्न, 'बॅरिस्टर की काय म्हणतात ते होणार काय रे?'

---

हडसनकाठ | १३ जून, सकाळी ९:०५

मी मूळची बेळगावातल्या शहापूरची, माहेर अजून तिथंच. एलएलएम न्यूयॉर्कमध्ये केलं, तिथल्या बारची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले, आता न्यू जर्सीत राहून कंपन्यांच्या करारांचं काम करते. जरा सविस्तर लिहिते.

आधी बॅरिस्टरचं, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपले समाजवादी नेते नाथ पै लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले. ती इंग्लंडातल्या वकिलीची पात्रता. एलएलएम ही विद्यापीठाची पदवी. ती घेऊन ना तुम्ही बॅरिस्टर होता, ना सॉलिसिटर (तिथला दुसऱ्या प्रकारचा वकील). इंग्लंडात सॉलिसिटर व्हायचं तर एसक्यूई नावाची परीक्षा आहे, २०२१ पासून सुरू. आपल्याकडं सनद असलेल्या वकिलाला तिच्यासाठी दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट लागत नाही आणि एलएलएमही लागत नाही. हे कुठलाच कन्सल्टंट सांगत नाही, कारण यात त्याला विकायला काही नाही.

एलएसएटी: नाही लागत. ती जेडीसाठी, म्हणजे तीन वर्षांच्या पहिल्या कायदा-पदवीसाठी. तुमच्याकडं कायद्याची पदवी आहे, तुम्ही एक वर्षाच्या एलएलएमला अर्ज करणार. त्या माणसानं एकतर दोन्हीची खिचडी केली, नाहीतर क्लासची जागा भरायची होती.

आता 'एलएलएम केलं की वकिली करता येते' हे वाक्य. न्यूयॉर्कचा नियम ५२०.६ आहे, तो मुळातून वाचा, तुम्हाला जड जाणार नाही. तिथं तुमचं शिक्षण दोन काट्यांवर तोलतात: कालावधी आणि आशय. आशय म्हणजे ते इंग्लिश कॉमन लॉवर, म्हणजे आधीच्या निकालांवर चालणाऱ्या इंग्रजी कायदापद्धतीवर, आधारलेलं हवं, तो आपल्याला इंग्रजांच्या कृपेनं मिळालाय. कालावधी म्हणजे पूर्णवेळ तीन वर्षं. दोन्ही जुळलं तर एलएलएमविनाच परीक्षेला बसता येतं. दोन्हीपैकी एकच उणं असेल तर अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त लॉ स्कूलच्या २४ क्रेडिटच्या एलएलएमनं ते भरून निघतं. दोन्ही उणं असेल तर हा रस्ता बंद. तुमचं कॉलेज सकाळचं होतं आणि दिवसभर तुम्ही कुठं कारकुनी करत होता, असं असेल तर पूर्णवेळ कसं ठरवतात तिकडं लक्ष द्या. परीक्षा घेणाऱ्या तिथल्या बोर्डाकडून पात्रतेचं आगाऊ मूल्यमापन करून घेता येतं, एक वर्ष आधी अर्ज टाका.

आणि त्या २४ क्रेडिटमध्येही वाटेल ते विषय चालत नाहीत. व्यावसायिक आचारसंहिता २, कायदेशीर संशोधन आणि लेखन २, अमेरिकन कायद्याची ओळख २ आणि बारच्या परीक्षेतल्या विषयांचे किमान ६. माझ्या वर्गातल्या एकानं हौसेनं सगळे अवकाश-कायदा आणि कला-कायदा असे विषय घेतले आणि मे महिन्यात त्याला कळलं की बारला बसता येणार नाही. शिवाय एमपीआरई ही वकिलांच्या आचारसंहितेची वेगळी परीक्षा, न्यूयॉर्कच्या कायद्याचा ऑनलाइन कोर्स आणि त्याची परीक्षा, वर ५० तास विनामूल्य कायदेसेवा. बाहेरची पदवी असलेले निम्म्याहून कमीच पास होतात बहुतेक वेळा. मी पहिल्यांदा नापास झाले तेव्हा आईला सांगितलं की निकाल लांबलाय.

कॅलिफोर्नियात अजून सोपी वाट आहे. दुसऱ्या देशात सनद असलेल्या वकिलाला तिथं एलएलएमविना परीक्षेला बसता येतं. परीक्षा मात्र सोपी नाही.

---

काळाकोट | १३ जून, दुपारी २:२०

ताई, कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत तीनदा वाचलं. पण मला तिथं राहायचं नाही. परत यायचं आहे. मग बार बाजूलाच राहिला की.

---

हडसनकाठ | १३ जून, सायंकाळी ७:३०

मग खरा प्रश्न तुमचाच तिसरा: कशासाठी? याचं उत्तर आत्ता इथं लिहू नका. पण अर्जात ते लिहावंच लागणार आहे.

---

जुनी_सनद | १३ जून, रात्री ९:१०

खानापूरवरून लिहितोय. वकिलीत ३१ वर्षं.

अण्णा, मी कडू बोलतो. आपल्या कोर्टात उभं राहायला एलएलएम लागत नाही, आणि ते केल्यानं जज तारीख लवकर देत नाही. मास्तरकी करायची असंल तर अजून वेगळी गंमत. बार कौन्सिलनं २०२० च्या नियमांत लिहून ठेवलं की परदेशातलं एक वर्षाचं एलएलएम आपल्याकडच्या एलएलएमच्या बरोबरीचं नाही. त्यावर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. म्हणजे लॉ कॉलेजात प्राध्यापक व्हायच्या आशेनं जाणार असशील तर समकक्षतेचा कागद आधी बघ, विमान मग बघ.

आणि आता कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, धारवाड आपल्याकडं आहेच. दोन्हीकडची भाषा येणारा वकील दोन्हीकडं लागतोय. ते सोडून कुठं चाललायस?

---

पदर_खोचून | १४ जून, सकाळी १०:२५

कागदपत्रांबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलते. मी दोन वर्षांपूर्वी अर्ज केले होते, एका ठिकाणी प्रवेश मिळाला, घरच्या कारणानं गेले नाही. पण कागदांची पीएचडी झाली.

अमेरिकेतली बरीच कॉलेजं एलएसएसी नावाच्या संस्थेमार्फत कागद मागतात. तुम्ही खातं काढायचं, फॉर्म छापायचा, तो विद्यापीठात द्यायचा आणि विद्यापीठानं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, स्वतः तिकडं पाठवायचं. तुम्ही हातात घेऊन कुरिअर केलं तर चालत नाही. आमच्या विद्यापीठात (नाव घेत नाही) परीक्षा विभागातल्या मामांना हे पटेचना. 'मार्कलिस्ट तुझ्याकडं आहे की, तूच पाठव.' मी तीन खेपा मारल्या. चौथ्या खेपेला पाकीट गेलं, तर पाकिटाच्या तोंडावर शिक्का-सही नव्हती म्हणून कामाचं राहिलं नाही. एका कॉलेजची मुदत तिथंच गेली.

त्यामुळं: पाकीट बंद झाल्यावर जोडावर आडवा शिक्का आणि सही. समोर उभं राहून करून घ्या. लाजू नका. आणि विद्यापीठ ई-मेलनं पाठवायला तयार असेल तर आधी ते विचारा.

दुसरं, तुमचा एलएलबी कुठल्या वर्षाचा? हुबळीचं राज्य कायदा विद्यापीठ २००९ ला झालं. त्याआधी आपली लॉ कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती. बीए एकीकडचा, एलएलबी दुसरीकडचा, तर फॉर्म दोन आणि खेपाही दोन.

तिसरं, नाव. माझी एलएलबी माहेरच्या नावानं, सनद सासरच्या, पासपोर्टवर दोन्ही मिळून तिसरंच. पुरुषांना वाटतं आपल्याला हा त्रास नाही, पण तुमच्या दहावीच्या कागदावर आडनाव आधी आहे की शेवटी ते एकदा बघा.

---

काळाकोट | १४ जून, सकाळी ११:०२

बघितलं. दहावीला आडनाव आधी, एलएलबीला शेवटी, बीएला वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. आणि एक गंमत: दहावीच्या कागदावर गाव 'बेळगाव', नव्या कागदांवर 'बेळगावी'.

---

निपाणीकर | १४ जून, ११:१०

आता अमेरिकेत हे कागद तपासणाऱ्या बाईला सीमाप्रश्न समजावून सांगा!

---

पदर_खोचून | १४ जून, ११:४०

हसू नका, मला खरंच ई-मेल आली होती की ही दोन शहरं आहेत का. १ नोव्हेंबर २०१४ ला राज्यातल्या १२ शहरांची नावं बदलली असं लिहून पाठवलं. त्यांचं समाधान झालं. आमच्या घरात झालेलं नाही.

---

धारवाडी_पेढा | १४ जून, दुपारी ४:५०

इंग्रजीच्या परीक्षेबद्दल. पदवी पूर्ण इंग्रजीतून झाली असेल तर काही कॉलेजं टोफेल-आयईएलटीएस माफ करतात, काही करत नाहीत. त्यासाठी 'माध्यम इंग्रजी होतं' असा दाखला लागतो. आपल्याकडं कायद्याचे पेपर कन्नडमधूनही लिहिता येतात, त्यामुळं तो दाखला आपोआप मिळेल असं समजू नका. विद्यापीठाला तुम्ही कशात लिहिले ते विचारावं लागतं. माझा सल्ला, परीक्षा देऊनच टाका. कोर्टातलं इंग्रजी आणि निबंधातलं इंग्रजी वेगळं असतं. आपण 'द प्लेंटिफ हंबली सबमिट्स' लिहून लिहून साधं वाक्य विसरतो.

(मी कन्नडिग, आई चिक्कोडीची. मराठी चुकलं तर हसा, पण दुरुस्त करा.)

---

काळाकोट | १४ जून, रात्री १०:३०

तुमचं मराठी माझ्या कन्नडपेक्षा लई बरं आहे सर.

मी पर्सनल स्टेटमेंटचा, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निबंधाचा, कच्चा मसुदा केलाय. सुरुवात मराठीत टाकतो: 'लहानपणापासून मला न्यायाची ओढ होती. गरिबांवर होणारा अन्याय पाहून माझं मन व्यथित होत असे. म्हणूनच मी कायद्याचं क्षेत्र निवडलं. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात शिकून मी माझ्या देशाची सेवा करू इच्छितो.'

---

हडसनकाठ | १५ जून, सकाळी ८:००

दादा, रागावू नका. हे फाडा.

हे बिहारमधल्या, नायजेरियातल्या, ब्राझीलमधल्या कुणीही लिहिलेलं असू शकतं. प्रवेश समितीच्या टेबलावर अशी शेकडो मनं व्यथित होऊन पडलेली असतात. ६१ टक्क्यांची काळजी करू नका. कायद्यात आपल्याकडं ६० म्हणजे पहिला वर्ग हे भारतीय अर्ज वाचणाऱ्यांना माहीत असतं, कॉलेजात क्रमांक आला असेल तर त्याचा दाखला जोडा. पण हा मसुदा तुम्हाला बुडवेल.

आठ वर्षांत एक प्रकरण सांगा ज्यात कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माहीत होतं आणि तरी उत्तर सापडलं नाही. इथंच लिहा. सजवू नका.

---

काळाकोट | १५ जून, रात्री ११:५५

सकाळपासून विचार करतोय. आहे एक. पक्षकार आणि गाव ओळखू येऊ नये म्हणून थोडं बदललंय.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना १९५६ च्या कायद्याखाली अधिसूचना निघते. कलम ३ए(३) सांगतं की तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापायचा, त्यातलं एक 'व्हर्नाक्युलर' भाषेतलं. मग ३सी खाली २१ दिवसांत हरकत घ्यायची. माझी पक्षकार सत्तरीची बाई. गाव मराठी, घर मराठी, शाळा चौथी, ती पण मराठी. जाहिरात कन्नड पेपरात आली. गावात तो पेपर येत नाही. शेजारच्या पोरानं तिला सांगितलं तोवर २१ दिवस होऊन गेले होते.

मी उभा राहून म्हटलं की व्हर्नाक्युलर म्हणजे तिथल्या लोकांची भाषा. समोरचे म्हणाले, राज्याची भाषा कन्नड, कायद्याचं पालन झालं. मी कायदा उलटापालटा केला. त्यात व्हर्नाक्युलर म्हणजे कुठली, याची व्याख्याच नाही. कुणाची? गावाची, तालुक्याची, राज्याची? बाई मला पायरीवर म्हणाली, 'वकीलसाब, मला वाचता येतंय की. मला येतंय ते छापलंच नाही.'

प्रकरण अजून चालू आहे, म्हणून पुढचं लिहीत नाही.

---

हडसनकाठ | १६ जून, सकाळी ६:१०

हेच. बाईचं शेवटचं वाक्य पहिलं करा. न्यायाची ओढ बिढ काही नको.

---

जुनी_सनद | १६ जून, सकाळी ९:४५

थांबा जरा. प्रकरण छान आहे, पण हे लिहिलं तर तिकडचा माणूस म्हणणार, हा सीमाप्रश्नाचा कार्यकर्ता आहे, वकील नव्हे. आपण १९५६ पासून हेच सांगत आलोय. महाजन आयोगाचा अहवाल, महाराष्ट्रानं मागितलेली ८६५ गावं, सुप्रीम कोर्टातला २००४ चा दावा, सगळं आपल्याला तोंडपाठ. परक्याला ते गाऱ्हाणं वाटतंय. जपून.

---

काळाकोट | १६ जून, दुपारी १:१५

काकांचं पटतंय. आणि नाही पण पटत.

---

धारवाडी_पेढा | १६ जून, सायंकाळी ६:२०

मी एक सांगू? राग मानू नका. माझे आतेभाऊ महाराष्ट्रातल्या जत तालुक्यात आहेत. घरात कन्नड. त्यांना येणारी प्रत्येक सरकारी नोटीस मराठीत. अक्कलकोटलाही तेच. तुमच्या बाईंचं वाक्य तिथली माझी आत्या कन्नडमध्ये जशाच्या तसं म्हणेल.

तुमच्या मसुद्यात माझी आत्या पण घाला. मग ते गाऱ्हाणं राहत नाही, कायद्याचा प्रश्न होतो.

---

हडसनकाठ | १६ जून, सायंकाळी ७:००

पेढेसाहेब, तुमच्यासाठी कुंदा पाठवते. एका परिच्छेदात अख्खा अर्ज सरळ केलात.

---

जुनी_सनद | १६ जून, रात्री ८:३०

हे चालेल. मान्य करतो.

मग घटनेचं पण नीट मांड. कलम ३५०ब, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलेलं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून, ३५०अ, त्याच दुरुस्तीतलं. आणि ते १५ टक्क्यांचं: ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त, तिथं महत्त्वाच्या नोटिसा-नियम त्यांच्या भाषेत छापायचे, हे मान्य झालेल्या संरक्षणांत आहे. पण ते धोरण, कायदा नव्हे. कोर्टात ते हातात धरून उभा राहिलास की घसरतंय. तुझा प्रश्न नेमका तिथंच आहे: धोरणात हक्क आहे, संपादनाच्या कायद्यात शब्द आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही.

---

लुव्हेनचा_कोल्हापुरी | १७ जून, मध्यरात्री १२:४०

मी वकील नाही, चिप डिझाइनचा इंजिनियर, बेल्जियममध्ये लुव्हेनला नऊ वर्षं. रंकाळ्यावरून थेट इथं. धागा वाचून राहवलं नाही.

भाऊ, तुम्ही अमेरिकेच्या मागं का लागलाय? तुमचा प्रश्न इथं घरोघरी आहे. या देशानं १९६२-६३ ला कायद्यानं भाषेची सीमारेषा आखली. फूरेन नावाची सहा खेडी फ्रेंच बाजूच्या लिएज प्रांतातून काढून डच बाजूच्या लिम्बुर्गला जोडली. तिथं पुढं एक फ्रेंचभाषक मेयर निवडून आला आणि त्यानं डच भाषेची परीक्षा द्यायला नकार दिला. त्या भांडणापायी १९८७ ला केंद्रातलं सरकार पडलं! मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, 'अरे हे तर आमचं बेळगाव.' बेल्जियन सहकाऱ्याला बेळगाव कुठं ते नकाशावर दाखवावं लागलं.

आणि मी ज्या गावात राहतो तिथलं विद्यापीठच भाषेवरून फुटलं. १९६८. फ्रेंच विभागाला गाव सोडावं लागलं, त्यांच्यासाठी भाषासीमेपलीकडं नवं गाव वसवलं, लुव्हेन-ला-नव. इथले म्हातारे सांगतात की ग्रंथालयाची पुस्तकं सम-विषम क्रमांकांनी वाटून घेतली. भावाभावांच्या वाटणीत तांब्या-पितळ वाटतात तसं. आता त्याच विद्यापीठात एक वर्षाचं इंग्रजी एलएलएम आहे. फी बघितली तर अमेरिकेच्या आकड्यांनंतर मी शून्यं दोनदा मोजली.

---

हडसनकाठ | १७ जून, सकाळी ७:२०

हे मला सुचायला हवं होतं. आणि काळाकोट, स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा १९६८ चा बेल्जियन भाषा खटला वाचा. डच भागात राहणाऱ्या फ्रेंचभाषक पालकांनी मुलांना फ्रेंच शाळा मागितली होती. मागितलं बरंच, जिंकले एकाच मुद्द्यावर: ब्रुसेल्सभोवतीच्या सहा गावांत फ्रेंच वर्ग होते, पण पालक तिथं राहत नाहीत म्हणून मुलांना नाकारले होते. न्यायालय म्हणालं, राज्यानं कुठली भाषा द्यायची हे ठरवायला ते मोकळं आहे, पण दिलेलं वाटताना भेदभाव नको. तुमच्या नोटिशीला हे किती लागू पडतं आणि किती नाही, यावर अख्खा प्रबंध होतो.

अमेरिकेच्या पैशांचं पण सांगून टाकते, म्हणजे तो किडा जाईल. नामांकित ठिकाणी नुसती फी ७०-८० हजार डॉलर. राहणं-खाणं वेगळं. एलएलएमनंतर कामाची मुभा साधारण एक वर्ष. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळते ती मुदतवाढ आपल्याला नाही. परत येणाऱ्या दिवाणी वकिलानं हे कर्ज बेळगावच्या फीवर फेडायचं म्हणजे नातवंडं फेडणार.

---

बँकेतला_माणूस | १७ जून, सकाळी ११:३०

कर्जाबद्दल मी बोलतो, पोटापाण्याचा विषय आहे. साडेसात लाखांवर शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागतात. वडिलांची पाच एकर शेती तारण म्हणून आणाल तर बहुतेक शाखा मान हलवतील. कारण सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याचं कलम ३१(आय), शेतजमीन त्या कायद्याच्या बाहेर आहे. थकलं तर बँकेला झटपट विकता येत नाही. बिगरशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव असेल तर बोला. उताऱ्यावर तिघा काकांची नावं असतील तर आत्ताच वाटणीपत्राचं बघा. आणि जुन्या पद्धतीनं आयकर भरत असाल तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते.

---

काळाकोट | १७ जून, रात्री १०:१०

तिघा नव्हे, चौघा काकांची नावं आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या वाटण्या लढवतो, स्वतःच्या घरची १९९४ पासून तोंडी आहे.

---

निपाणीकर | १७ जून, १०:१२

दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच हो.

---

पदर_खोचून | १८ जून, सकाळी १०:००

शिफारसपत्रांचं राहिलं. एका ज्येष्ठांनी मला दिलेलं पत्र: 'अर्जदार माझ्या परिचयाची असून तिची वर्तणूक चांगली आहे.' हे पोलीस पडताळणीला चालतं. ज्यांनी तुमचं काम बघितलंय त्यांच्याकडून घ्या, आणि त्यांना एका पानावर मुद्दे लिहून द्या: कुठलं प्रकरण, तुम्ही काय युक्तिवाद केलात. पत्र त्यांनाच लिहू दे, पण आठवण तुम्ही करून द्या.

इंग्लंडचा विचार असेल तर चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती बघा, दोन वर्षांचा अनुभव आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट. तुम्हाला परत यायचंच आहे. ऑक्सफर्डची बीसीएल पण बघा, नावात बॅचलर आहे म्हणून घरचे म्हणतील परत पहिल्यापासून का, पण ती आपल्यासारख्या कॉमन लॉवाल्यांची मास्टर्सच्या तोडीची पदवी आहे.

---

जुनी_सनद | १८ जून, रात्री ९:००

पत्र मी देतो. ते व्हर्नाक्युलरचं तू कोर्टात मांडलंस तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. तुला दिसलो नसेन.

---

काळाकोट | १८ जून, रात्री ९:२५

काका... तुम्ही?? आता उद्या बार रूममध्ये तोंड कसं दाखवू.

---

काळाकोट | २२ एप्रिल, रात्री १०:४५

धागा वर काढतोय, दहा महिन्यांनी.

अर्ज तीन केले. एका अमेरिकन ठिकाणाहून प्रवेश आला, शिष्यवृत्ती शून्य, म्हणून तो कागद आज्जीला दाखवून ड्रॉवरमध्ये ठेवला. चेव्हनिंग मुलाखतीपर्यंतही गेलं नाही. लुव्हेनचं झालं. इंग्रजीची परीक्षा पहिल्यांदा लेखनात अडली, पेढेसाहेबांनी सांगितलं तेच, 'हंबली सबमिट्स'. दुसऱ्यांदा पार पडली. मसुद्याचं पहिलं वाक्य त्या बाईचंच ठेवलं, दुसऱ्या परिच्छेदात जतची आत्या.

बेळगाव-बेळगावीची ई-मेल मला पण आली. 'एकच शहर आहे' एवढंच उत्तर लिहिलं. पुढं अजून चार ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या.

पैशांचं: बायकोच्या माहेरचा अनगोळमधला बिगरशेती प्लॉट तारण. सासऱ्यांनी सही करताना एकच विचारलं, परत येणार ना? घरची वाटणी मात्र अजून तोंडीच आहे, काका लोक बसायला तयार नाहीत.

आता अडचण फायलींची. ८४ चालू प्रकरणं. काहींना वकीलपत्र बदलून द्यावं लागेल, पक्षकारांना सांगावं लागेल. त्या बाईंना सांगायला धीर होत नाही. त्यांच्या हरकतीचं प्रकरण धारवाडला लागणार आहे, आणि मी नेमका तेव्हाच नसणार.

---

लुव्हेनचा_कोल्हापुरी | २३ एप्रिल, मध्यरात्री १:०५

अभिनंदन! खोली बघून ठेवतो. सायकल येते का चालवायला? इथं त्याशिवाय भागत नाही.

---

धारवाडी_पेढा | २३ एप्रिल, सकाळी ८:१५

आत्याला फोन केला. ती म्हणाली, तिकडं जाऊन माझं नाव नीट उच्चारा म्हणावं.

---

जुनी_सनद | २३ एप्रिल, सकाळी ९:३०

धारवाडचं मी बघतो. बाईला पण मीच सांगतो, माझ्या गावाकडचीच आहे.

बाकीच्या फायली घेऊन सोमवारी सहा वाजता ऑफिसला ये. डायरीत नुसती पुढची तारीख नको. त्या तारखेला काय करायचं ते पण लिहून आण.